अंतर्गळ

"बुवा, अंतर्गळ म्हणजे काय?"

जाळीबुवांच्या हातातली सुई थांबली नाही.

पौषातली सकाळ होती. बेटाभोवती धुकं इतकं दाटलं होतं, की पायऱ्यांखालची गोदावरीसुद्धा नुसती ऐकू येत होती.

"कुणाला झालाय?" बुवांनी विचारलं.

मार्तंड गालात हसला. प्रश्न त्यानं उत्तर मिळावं म्हणून विचारलाच नव्हता. आपल्याला उत्तर सापडलंय, हे बुवांना कळावं म्हणून विचारला होता.

"झालाय म्हणू नका, बुवा. लाभलाय म्हणा."

बुवांनी एक गाठ मारली. दुसरी घेतली.

"बस," ते म्हणाले.

मार्तंड बसला. जरा वाकडाच बसला. उजवा पाय लांब सोडून.

बुवांचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. पलीकडच्या काठावरचे भोई त्यांची फाटकी जाळी बेटावर आणून टाकत, बुवा ती शिवून देत. स्वतः माशाला शिवत नसत, पण माशांच्या जाळ्याला त्यांच्याइतका हळुवार हात साऱ्या पंचक्रोशीत नव्हता. म्हणून जाळीबुवा.

त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे ज्या क्षेत्री बसलो, ते मरेपर्यंत सोडायचं नाही, असं व्रत. अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत बुवांनी नावेला हातसुद्धा लावला नव्हता.

मार्तंड बारा वर्षं त्यांच्यापाशी होता. नदीपासून मठापर्यंत एकसष्ट पायऱ्या. रोज पहाटे तो तांब्याचा हंडा भरून खांद्यावर घ्यायचा आणि न थांबता वर आणायचा. दोन फेऱ्यांचं काम चार फेऱ्यांनी करायचा. कुणी बघत असलं तर सहा. मठात आणखी दोन म्हातारे साधक होते, पण त्यांना वेळेवर भाकरी मिळाली की पुरे होतं. मार्तंडला छाटी हवी होती. येत्या पौर्णिमेला बुवा आपली भगवी छाटी कुणाच्या तरी खांद्यावर घालून मठ त्याच्या हवाली करणार होते.

आणि आता तर मार्तंडला अंतर्गळ लाभला होता.

"कुठं ऐकलास शब्द?" बुवांनी विचारलं.

"डॉक्टर खांबेटे आले होते ना, देऊळ बघायला? मी हंडा घेऊन वर चाललो होतो. मला थांबवलं, खोकायला लावलं, जांघेपाशी हात लावून पाहिलं. आणि म्हणाले, तुम्हांला अंतर्गळ आहे."

"आणि पुढं?"

"पुढं काय?"

"पुढं काही बोलले असतील ना."

"बोलले असतील," मार्तंड म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

खरंच नव्हतं. खांबेटे डॉक्टर शुद्ध मराठीचे भोक्ते होते. नाडीला नाडी आणि दाहाला दाह म्हणणारे. त्या दिवशी ते पायरीवर उभं राहून बरंच काही कळवळून सांगत होते. पण तो एक शब्द कानात पडला आणि मार्तंडला पुढचं काही ऐकूच आलं नाही. डॉक्टर तीनदा म्हणाले, या माझ्याकडे. त्यावर मार्तंड डोळे मिटून म्हणाला होता, येणं-जाणं संपलं आता, डॉक्टर.

"सांग मग," बुवा म्हणाले. "काय असतो अंतर्गळ?"

मार्तंड सावरून बसला. तेवढ्यानंही त्याच्या तोंडावर एक कळ येऊन गेली.

"अंतर म्हणजे दुरावा. जीव इकडे, शिव तिकडे, आणि मध्ये अंतर. ते अंतर पिकल्या पानासारखं गळून पडलं, की अंतर्गळ."

"हे डॉक्टर म्हणाले?"

"शब्द त्यांचा. अर्थ माझा."

"आणि खूण काय त्याची?"

मार्तंडनं आवाज खाली आणला. "वर्षभर मी कुणाला बोललो नाही, बुवा. जांघेपाशी एक ग्रंथी जागी झालीय. उभा राहिलो की वर येते, आडवा झालो की आत विरघळते. हाताखाली हलते. कधी कधी गुरगुरतेसुद्धा. आत काहीतरी जिवंत आहे."

"ते आहेच," बुवा म्हणाले.

...

"खोक."

"अं?"

"मार्तंडा, खोक."

मार्तंड खोकला. त्याचा उजवा हात आपोआप जांघेवर जाऊन दाबून बसला. बुवा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते, त्या हाताकडे बघत होते.

"आडवा हो."

मार्तंडला वाटलं, दीक्षा! पौर्णिमेच्या आधीच! त्यानं हात जोडले आणि तो साष्टांग पडला.

"पालथा नाही रे. उताणा."

तो उताणा झाला. वर बांबूवर जाळं टांगलं होतं. धुक्यातून सूर्य उगवत होता, त्याचा फिकट गोल जाळ्याच्या एका घरात येऊन बसल्यासारखा दिसत होता. वारा आला की दुसऱ्या घरात जायचा. मार्तंडला वाटलं, असंच पडून राहावं.

"विरघळली?" बुवांनी विचारलं.

"नेहमी विरघळते."

"आज?"

मार्तंडनं तोंड फिरवलं.

"आज, मार्तंडा?"

"काल रात्रीपासून... नाही गेली आत."

"दुखतं?"

"साधनेत दुखायचंच."

"उलटी?"

"पहाटेपासून दोनदा. शुद्धी चाललीय, बुवा."

बुवांनी सुई खाली ठेवली. अर्धी गाठ तशीच सुटी लोंबत राहिली. बारा वर्षांत मार्तंडनं बुवांची अर्धी गाठ कधी पाहिली नव्हती, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

"तानाबाई!" बुवांनी धुक्याकडे तोंड करून हाक मारली.

तानाबाई भोई जाळं न्यायला आली होती. खाली पायरीशी नाव बांधून ती तंबाखू चोळत बसली होती. वर आली, मार्तंडकडे तिनं एकदा पाहिलं, आणि तिचा चोळणारा अंगठा थांबला.

"अगं बया. आतडं उतरलंय ह्येंचं."

"ग्रंथी आहे ती," मार्तंड म्हणाला.

"ग्रंथी का फिंथी. माझ्या मालकाला बी असंच उतरलं व्हतं. दोन दिस म्हनत बसला, वायगोळा हाय, बसंल खाली. तिसऱ्या दिशी..." तिनं पुढचं गिळलं आणि बुवांकडे बघितलं. "बुवा, ह्येंला आत्ताच्या आत्ता पल्याड न्या. आडकलंय ते."

"ऊठ," बुवा म्हणाले. "नावेत बस."

मार्तंड उठून बसला. कपाळावर घाम होता, पण मान ताठ.

"नाही."

"मार्तंडा..."

"गेल्या चैत्रात मी क्षेत्रसंन्यास घेतलाय. तुमच्याच समोर. बेट सोडणार नाही."

"मरशील."

"मरेन. क्षेत्रात मरेन."

तानाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"बुवा," मार्तंड म्हणाला, "तुमची आई पलीकडच्या काठावर गेली. मी तेव्हा नवा होतो, पण सगळं बघितलंय. निरोप आला. तीन नावा आल्या. तुम्ही त्या शेवटच्या पायरीवर उभे राहिलात. पलीकडे धूर दिसायला लागला, तो विझेपर्यंत उभे होतात. पण पाय नाही उचललात. गावोगावच्या कीर्तनांत सांगतात ते. मी ते बघूनच इथं राहिलो. आणि मी काय पोटात दुखतंय म्हणून नावेत बसू?"

बुवांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला. त्यांनी टांगलेलं जाळं उगाच हातानं सारखं केलं. मग उठले. घोंगडी खांद्यावर टाकली आणि पायऱ्या उतरायला लागले.

दहाव्या पायरीवर धुक्यानं त्यांचे पाय झाकले. विसाव्या पायरीवर कंबर. मग नुसती पांढरी दाढी आणि डोकं खाली खाली जाताना दिसलं, आणि मग तेही दिसेना.

...

खाली नाव डुचमळल्याचा आवाज आला. लाकडाला लाकूड लागलं.

तानाबाई धावत खाली गेली. तिचा आवाज वर आला.

"बुवा... आवो, पाय पडला तुमचा नावंत!"

"दिसतंय मला. वल्हं घे."

मार्तंड भिंतीला धरून उभा राहिला. त्याला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. पहाटेच्या तापात माणूस असलं काहीबाही बघतो. बुवा नावेत बसलेत. नदी उलटी वाहत असेल आता.

"बुवा!" तो ओरडला. "काय केलंत हे!"

धुक्यातून शांत आवाज आला.

"येतोस? का मी एकटाच जाऊ डॉक्टरकडे?"

मार्तंड एकसष्ट पायऱ्या उतरला. एका हातानं जांघ दाबून, एकेका पायरीवर थांबत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं नव्हतं. तो रागावला होता. अठरा वर्षांचं व्रत आपल्या एका गोळ्यापायी पाण्यात गेलं, हे त्याला सहन होत नव्हतं.

नाव निघाली.

थोड्या वेळानं बेट दिसेनासं झालं. पलीकडचा काठ अजून दिसायचा होता. वर-खाली, पुढं-मागं सगळं सारखंच पांढरं. वल्ह्यावरून निथळणाऱ्या पाण्याचे थेंब तेवढे खरे होते. मार्तंड नावेच्या तळाशी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि त्याचं डोकं बुवांच्या मांडीवर होतं. ते तिथं कधी गेलं, ते त्याला कळलं नव्हतं.

"मी मेलो असतो," तो पुटपुटला, "तर व्रत तरी राहिलं असतं."

"कुणाचं?"

मार्तंडला पुन्हा कळ आली. बुवांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्या हाताला सुतळीचा आणि चिखलाचा वास होता.

नाव काठाला लागली. बुवा उतरले आणि चार पावलांवर एका पिंपळाखाली थांबले. खाली वाकून त्यांनी मातीवर तळहात टेकवला. नुसता टेकवला, नमस्कार केला नाही.

"हितंच का?" तानाबाईनं हळूच विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "व्हय. हितंच. तुमची म्हातारी शेवटापोतूर बेटाकडं तोंड करून पडली व्हती. आतड्याचं मानूस ते..."

बुवांनी हात उचलला. तळव्याला चिकटलेली माती त्यांनी झटकली नाही.

रस्त्यावर दुधाची गाडी मिळाली. तिच्यातून तिघं तालुक्याच्या गावी गेले.

खांबेटे डॉक्टर दवाखान्याच्या दारातच भेटले. मार्तंडला पाहताच त्यांचा पारा चढला.

"मी तीनदा सांगितलं होतं, या म्हणून! तीनदा! काय वाटलं काय तुम्हांला?"

आपल्याला काय वाटलं होतं, ते मार्तंड दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, कसं सांगणार?

नर्सबाईंनी तपासून कागदावर लिहिलं. "हर्निया आहे, सर. अडकलाय."

"हर्निया?" मार्तंड म्हणाला.

"तोच. मराठीत अंतर्गळ," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे..."

"म्हणजे पोटाची भिंत एखाद्या जागी पातळ पडते, आणि आत राहायचं ते तिथून बाहेर येतं. एवढंच. हंडे उचलता ना तुम्ही? जोर करून करून भिंत हरली. आतडं आलं बाहेर आणि बसलं अडकून. रक्त थांबलं त्याचं, तर ते मरतं, मागोमाग माणूस."

मार्तंडला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण ज्याचं पोटच फाटलं होतं, त्यानं दुसऱ्याच्या पोटात काय जायचं!

"काढून टाका तो," तो म्हणाला. "अंतर्गळ. कापून फेकून द्या."

"सगळे असंच म्हणतात, हर्निया काढला," डॉक्टर म्हणाले. "काढत काही नाही आम्ही. काढण्यासारखं असतं काय त्यात? आतडं बिचारं निरोगी असतं, त्याचा काही दोष नसतो. ते त्याच्या जागी परत आत ढकलायचं, आणि भोकावर जाळी लावून शिवून टाकायचं."

इतका वेळ भिंतीशी उभे असलेले बुवा पुढं आले.

"जाळी?"

"हो. बारीक जाळी असते."

"घरं केवढी?"

डॉक्टरांना आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याचं नख पुढं करून त्यावर टोकभर जागा दाखवली.

"आणि गाठ? सरकगाठ मारता का पक्की?"

"पक्की," डॉक्टर म्हणाले.

"बरं," बुवा म्हणाले, आणि त्यांनी मार्तंडचा हात डॉक्टरांच्या हातात दिला.

आत मार्तंडला कुशीवर वळवून पाठीच्या कण्यात एक सुई टोचली. थोड्या वेळानं त्याला आपले पाय सापडेनात. मग कंबर सापडेना. बारा वर्षं पहाटे उठून, आसनं घालून, नाक दाबून त्यानं हाच ध्यास घेतला होता की देहाचा विसर पडावा. तो एका सुईत पडला. त्याला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. नर्सबाई म्हणाल्या, "काही होत नाही हं, काका." वर एक मोठा गोल दिवा होता. त्याच्याकडे बघता बघता त्याची शुद्ध तरंगायला लागली.

त्याला एकसष्ट पायऱ्या दिसल्या. त्या पाण्यात खाली खाली गेल्या होत्या. तो हंडा घेऊन खाली उतरत होता आणि हंड्यातून पाण्याऐवजी धुकं सांडत होतं. सगळ्यात खालच्या पायरीवर एक म्हातारी बेटाकडे तोंड करून पडली होती. "आला का गं तो?" ती विचारत होती. कुणाला विचारतेय, ते कळेना. मार्तंडनं हंडा खाली ठेवला. तो फार जड होता. इतका जड होता, हे त्यानं बारा वर्षांत एकदाही कबूल केलं नव्हतं. तो म्हातारीपाशी बसला आणि म्हणाला, "येतायत. निघालेत."

डोळे उघडले तेव्हा खिडकीत दुपार होती. धुकं केव्हाच निवळलं होतं. खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर बुवा बसले होते. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीचा एक कोपरा उसवला होता, तो त्यांनी मांडीवर घेतला होता आणि नुसत्या बोटांनी चाचपत होते. त्यांचे डोळे लाल होते. तळव्याला माती तशीच होती.

खांबेटे डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. आतडं काळवंडलं होतं, पण गरम पाण्याच्या फडक्यात धरल्यावर परत गुलाबी झालं, म्हणाले. अर्धा दिवस उशीर झाला असता तर नसतं झालं. आणि यापुढे हंडा उचलायचा नाही.

डॉक्टर गेल्यावर मार्तंडनं मान बुवांकडे वळवली.

"बुवा," मार्तंड म्हणाला, "छाटी दुसऱ्या कुणाला द्या. हंडा उचलायचा नाही म्हणाले."

"तांब्यानं आणू पाणी."

"एकसष्ट पायऱ्या? तांब्यानं?"

"घाई कुणाला आहे?"

मार्तंडला हसावंसं वाटलं, पण टाके ओढले.

"मी मूर्ख आहे, बुवा. आतडं उतरलं, आणि मी समजलो देव उतरला."

बुवांनी चादरीचा कोपरा नीट घडी घालून मार्तंडच्या पायांवर ठेवला.

"पण तुम्ही..." मार्तंड म्हणाला. "तुम्ही आईसाठीसुद्धा आला नाहीत."

...

"नाही आलो."

"केवढं ते वैराग्य, म्हणतात लोक."

बुवा खिडकीबाहेर बघत होते. तिकडून नदी दिसत नव्हती. तरी ते बघत होते.

"भिंत होती रे," ते म्हणाले. "भक्कम होती."

मार्तंडच्या कानशिलावरून पाणी ओघळून उशीत गेलं. त्यानं ते पुसलं नाही. चाचपत त्यानं बुवांचा मातीचा हात शोधला आणि धरला.

"आणि आज माझ्यापायी तुमचं व्रत मोडलं. अठरा वर्षांचं."

"मोडलं नाही," बुवा म्हणाले. ते खाली वाकले. त्यांचं तोंड मार्तंडच्या कानापाशी आलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मार्तंडनं बुवांना हसताना ऐकलं. "मला अंतर्गळ झालाय, मार्तंडा... डॉक्टरांना सांगू नकोस. ते परत आत ढकलतील."